वृद्धाश्रम हा आरोग्याचा प्रश्न आहे

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो मुलांचा. मुलं कुठे असतात, आईवडिलांना का सांभाळत नाहीत, संस्कार कुठे कमी पडले. नाटकं, सिनेमे, दिवाळी अंकांतल्या कथा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे मजकूर, सगळे याच प्रश्नाभोवती घुटमळत राहतात. दिवाळीला फराळाचे डबे घेऊन, वाढदिवसाला केक घेऊन माणसं वृद्धाश्रमात जातात, आजी-आजोबांबरोबर बसतात आणि गहिवरून परत येतात. या गहिवरात खोटं काही नाही. पण तो आपल्याला एकाच जागी थांबवतो. तिथल्या माणसाला प्रेम हवं, एवढं म्हटलं की विषय संपल्यासारखा वाटतो. त्या माणसाला दिवसाला किती गोळ्या दिल्या जातात, त्या शेवटच्या कुणी आणि कधी तपासल्या, रात्री तो पडला तर त्याला उचलायला कोण असतं, हे विचारायचं राहूनच जातं.

माझं म्हणणं असं आहे. वयस्कांना दीर्घकाळ ठेवून घेणारी संस्था, मग तिला वृद्धाश्रम म्हणा की केअर सेंटर, ही आज आधी आरोग्यसंस्था आहे आणि मग निवारा. तिथल्या वैद्यकीय सेवेचा कस डॉक्टर किती वेळा येतात किंवा रुग्णवाहिका किती मिनिटांत पोचते यावर लागत नाही. तो दोन गोष्टींवर लागतो: माणसात झालेला बदल वेळेत कुणाच्या लक्षात येतो का, आणि लक्षात आल्यावर काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं का. या दोन्ही बाबतींत आपली व्यवस्था जवळजवळ कोरी आहे, आणि मुलांच्या कृतघ्नतेची चर्चा तो कोरेपणा झाकून टाकते.

१. निवाऱ्यात शिरलेलं आजारपण

वृद्धाश्रमाची आपली कल्पना अजून दानधर्माच्या काळातली आहे. पुण्यातली ‘निवारा’ ही संस्था एकोणिसाव्या शतकात सुरू झाली ती डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह म्हणून. ज्याला कुणी नाही त्याला छप्पर आणि दोन वेळचं जेवण द्यायचं, हा तिचा हेतू होता आणि त्या काळाच्या मानाने तो मोठा होता. १९९५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली, तिच्याही मुळाशी निवाराच होता. झाडं, देऊळ, भजनाचा हॉल, टीव्ही. साठी-पासष्टीच्या धडधाकट माणसाला यातून बरं आयुष्य मिळतं, यात शंका नाही.

पण धडधाकट माणूस तिथे कायम धडधाकट राहत नाही. अडुसष्टाव्या वर्षी स्वतःची बॅग उचलून आलेले आजोबा आज त्र्याऐंशीचे आहेत, त्यांना पार्किन्सन आहे आणि शर्टाची बटणं लावायला दुसरं माणूस लागतं. २०१७-१८ मध्ये झालेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या सुमारे ७५ टक्के लोकांना किमान एक जुनाट आजार आढळला. त्याच पाहणीला जोडून झालेल्या अभ्यासाने साठीपुढच्या लोकांतलं स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे देशभरात अंदाजे ८८ लाख माणसं, असं सांगितलं. हे झालं सर्वसाधारण समाजाचं. घरी निभेनासं झालं म्हणून जी माणसं संस्थेत येतात, त्यांच्यात आजारपण याहून जास्त असणार, हे सांगायला वेगळा अभ्यास नको.

आणि तरीही अनेक वृद्धाश्रमांच्या प्रवेशअर्जावर आजही अट असते: ‘स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश.’ पुढे दुसरी ओळ: ‘अंथरुणाला खिळल्यास नातेवाइकांनी घेऊन जावे.’ ज्या वयात परावलंबन येणार हे जवळजवळ ठरलेलं आहे, त्या वयासाठी काढलेली जागा परावलंबी माणसाला नाही म्हणते. मग अशी माणसं जातात कुठे? पुणे, ठाणे, नाशिकच्या उपनगरांत भाड्याच्या बंगल्यांत निघालेल्या खासगी केअर सेंटरांत. त्यांतली काही मनापासून चालवलेली आहेत, काही भयंकर आहेत. कोणतं कसं, हे बाहेरून ओळखायला कुटुंबाकडे आज काहीच साधन नाही.

२. ताप न येता झालेला न्यूमोनिया

समजा, पंच्याऐंशीच्या एक आजी रोज सकाळी चहाला स्वतः उठून येतात. आज आल्या नाहीत. ताप नाही, खोकला नाही, काही दुखतंय असंही म्हणत नाहीत. दुपारी ताटातलं निम्मं तसंच राहिलं. संध्याकाळी भेटायला आलेल्या मुलीला त्यांनी बहिणीच्या नावाने हाक मारली. ‘वयच झालंय आता,’ असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं. तिसऱ्या दिवशी श्वास लागला, धावपळ झाली, मोठ्या हॉस्पिटलात नेल्यावर कळलं, न्यूमोनिया आहे.

हा न्यूमोनिया पहिल्या दिवशीच होता. फक्त तो तरुण माणसाच्या न्यूमोनियासारखा दिसत नव्हता. वाढत्या वयात जंतुसंसर्गाला तापाने उत्तर देण्याची शरीराची ताकद मंदावते. मधुमेही म्हाताऱ्या माणसाला छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येतो. मूत्राशय तुंबलं, चार दिवस पोट साफ झालं नाही, अंगातलं पाणी कमी झालं, तरी पहिलं लक्षण दिसतं ते गोंधळणं किंवा गुपचूप पडून राहणं. ग्लासगोचे वृद्धवैद्यक-तज्ज्ञ बर्नार्ड आयझॅक्स यांनी वार्धक्यातल्या चार महासंकटांची यादी केली होती: हालचाल थांबणं, तोल जाऊन पडणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं आणि बुद्धी भ्रमणं. आजार कुठलाही असो, म्हातारं शरीर तो बहुधा या चारांपैकी एका रूपात दाखवतं. आणि आपण नेमक्या याच चार गोष्टी ‘वय झालं’ या खात्यात टाकून मोकळे होतो.

यातून एक गोष्ट निघते आणि ती माझ्या मांडणीचा कणा आहे. ज्या माणसाची रोजची रीत माहीत नाही, त्याच्यात आज बदल झालाय हे ओळखताच येत नाही. पंधरा दिवसांनी येऊन रक्तदाब मोजून जाणारे डॉक्टर कितीही निष्णात असोत, काल आजी चहाला उठून आल्या होत्या हे त्यांना ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं मावशींना. दीर्घ निवासी काळजीत निदानाची सुरुवात स्टेथोस्कोपपाशी होत नाही, ती अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या माणसापाशी होते.

३. मावशींच्या नजरेला वही हवी

या मावशी कोण असतात? बहुतेक वेळा ब्युरोतर्फे आलेल्या, बारा तासांच्या पाळीत काम करणाऱ्या, घरची ओढाताण सांभाळून आलेल्या बायका. पुरुषांच्या बाजूला मामा. प्रशिक्षण म्हणाल तर आधीच्या मावशींनी दाखवलं तेवढंच. रात्रपाळीला वीस-पंचवीस माणसांमागे एखादीच. पगार एवढा तुटपुंजा की चार-सहा महिन्यांत शंभर-दोनशे रुपये रोज जास्त देणारं घर मिळालं की त्या जातात. त्यांच्याबरोबर जाते ती आजींच्या सवयींची माहिती. पुढच्या मावशी पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात.

तरीही त्यांना विचारा, त्यांना कळलेलं असतं. ‘आज काही आजी बऱ्या नाहीत,’ हे वाक्य त्या सकाळी नऊला बोललेल्या असतात, पण आपल्या व्यवस्थेत त्या वाक्याला जागा नाही. ते कुठे लिहिलं जात नाही, कुणाला कळवलं जात नाही, आणि रात्री डॉक्टरांना उठवलं म्हणून एकदा बोलणी खाल्ली की पुढच्या वेळी त्या बोलतही नाहीत.

यावर उपाय महागडे नाहीत. माणशी रोजचं एक पान: जेवण किती गेलं, पाणी किती, लघवी-संडास कसं झालं, झोप लागली का, चालणं कालच्यासारखं आहे का, बोलणं कालच्यासारखं आहे का. महिन्याला एकदा वजन. तीन महिन्यांत आजींचं पाच किलो वजन उतरलं, हे चादरीखाली दिसत नाही, काट्यावर दिसतं. लिहिता न येणाऱ्यांसाठी चित्रांच्या खुणा चालतात. आणि त्या पानावर बदल दिसला तर कुणाला, किती वेळात फोन करायचा, हे भिंतीवर लिहिलेलं हवं.

शय्याव्रणाचं पाहा. ज्याला सगळे बेडसोअर म्हणतात, ती जखम उघडण्याआधी त्वचा सूचना देते. पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर लालसर चट्टा दिसतो आणि बोटाने दाबला तरी तो फिकटत नाही. हे वर्णन गोऱ्या कातडीचं आहे. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही. तिथला भाग आजूबाजूपेक्षा थोडा काळपट होतो, हाताला गरम किंवा टणक लागतो. म्हणजे नुसतं पाहून चालत नाही, हात लावून बघावं लागतं. दर दोन तासांनी कूस बदलताना मावशींचा तळवा तिथून फिरला, तर जखम टळते. नाही फिरला, तर पुढचे काही महिने ड्रेसिंग, वेदना, दुर्गंधी आणि कधी रक्तात भिनलेला संसर्ग. वृद्धाश्रमातलं वैद्यकशास्त्र असं तळहातावर असतं, आणि त्या हाताला आपण अकुशल कामगाराचा दर देतो.

४. गोळ्यांची बेरीज होते, वजाबाकी होत नाही

कुठल्याही केअर सेंटरमध्ये औषधांचे डबे एकदा उघडून पाहा. नावाची पट्टी लावलेले सकाळ-दुपार-रात्रीचे कप्पे, आणि एकेका माणसाच्या वाट्याला दिवसाला दहा-बारा गोळ्या. हृदयविकाराच्या डॉक्टरांनी चार दिलेल्या, हाडांच्या डॉक्टरांनी दोन, मेंदूच्या डॉक्टरांनी तीन, आणि झोप येत नाही म्हणून कुणीतरी कधीतरी सुरू केलेली अल्प्राझोलाम. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबरच लिहून दिलेलं असतं. पण सगळ्यांची बेरीज एका शरीरात होते, आणि त्या शरीराची किडनी, यकृत, मेंदू आता चाळिशीतले राहिलेले नाहीत.

एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो आणि त्यावर दुसरं औषध येतं, अशी साखळीच तयार होते. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन दिलं, पायांवर सूज आली. सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी आली. रात्री तीनदा उठावं लागू लागलं. अंधारात, ओल्या फरशीवर आजोबा पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. कागदावर याची नोंद ‘अपघात’ अशी होते. वास्तविक ते हाड मोडायला सुरुवात झाली ती सूज पाहून कुणी अ‍ॅम्लोडिपिनकडे बोट दाखवलं नाही तेव्हा. या वयात खुबा मोडलेल्यांपैकी मोठा भाग वर्षभराच्या आत जग सोडून जातो, आणि उरलेल्यांतले अनेक पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत.

मधुमेहाचं याहून धोक्याचं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी साखर उतरवते ती माणूस जेवलाय की नाही हे न पाहता. संध्याकाळी साडेसहाला गोळी दिली, सातला ताट आलं, आजींनी अर्धी पोळी खाऊन ताट सारलं. पहाटे चारला त्यांना घाम फुटला, त्या असंबद्ध बडबडू लागल्या. मावशींना वाटलं, वाईट स्वप्न पडलं असेल. मेंदूला साखर न मिळाल्याची ही वेळ मिनिटांत मोजायची असते. अशक्त, परावलंबी वृद्धांसाठी साखरेचं लक्ष्य मधुमेहाच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मुद्दाम सैल ठेवलेलं आहे, कारण त्या वयात थोडी चढलेली साखर सोसते, उतरलेली सोसत नाही. पण साठाव्या वर्षी लिहून दिलेला डोस पंच्याऐंशीव्या वर्षी तसाच चालू असतो. ज्या दिवशी खाणं कमी झालं त्या दिवशी ही गोळी द्यायची की थांबवायची, हे डॉक्टरांनी आधी लिहून ठेवायला हवं. ते लिहिलेलं मी फार कमी ठिकाणी पाहिलं आहे.

म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी अमेरिकेतले डॉक्टर मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये तयार केली, आणि ती पहिल्यांदा केली ती दीर्घ काळजी संस्थांतल्या रहिवाशांसाठीच. झोपेसाठी सहज दिली जाणारी अ‍ॅलर्जीची जुनी औषधं, अल्प्राझोलामच्या जातीच्या गोळ्या, दीर्घकाळ चालवलेली वेदनाशामकं, सगळी त्या यादीत आहेत. तिच्या सुधारित आवृत्त्या आजही निघतात. आपल्याकडे यादी माहीत नाही असं नाही, ती लागू करणारं कुणी नाही. जुनं औषध बंद करायला नवं लिहून देण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, जास्त विचार लागतो, आणि बंद केल्यावर काही झालं तर जबाबदारी अंगावर येते. म्हणून वजाबाकी कुणीच करत नाही. लघवीच्या तपासणीचंही असंच. दीर्घकाळ संस्थेत राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांपैकी पाव ते निम्म्या जणींच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात. आजी गोंधळल्या म्हणून लघवी तपासली जाते, रिपोर्ट हातात आला की अँटिबायोटिकचा कोर्स सुरू होतो, आणि गोंधळण्याचं खरं कारण शोधायचं राहून जातं.

५. शांत बसवणं म्हणजे उपचार नव्हे

स्मृतिभ्रंश झालेला माणूस संध्याकाळी अस्वस्थ होतो, ओरडतो, कपडे ओढतो, अंघोळ घालणाऱ्याला मारतो. वीस जणांमागे एक मावशी असताना हे झेपत नाही, हे मला समजतं. मग क्वेटियापिन किंवा रिस्पेरिडोनसारखं मनोविकारावरचं औषध सुरू होतं, कधी हात खाटेला बांधले जातात, आणि नातेवाइकांना सांगितलं जातं, ‘आता शांत आहेत.’ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत या जातीच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये दिला. कधी ती द्यावी लागतातही. पण आधी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो बहुधा विचारलाच जात नाही: या माणसाला काही दुखतंय का?

नॉर्वेतल्या १८ नर्सिंग होम्समधल्या ३५२ रुग्णांवर एक अभ्यास झाला आणि तो २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. स्मृतिभ्रंश असलेल्या आणि अस्वस्थ वागणाऱ्या या माणसांपैकी निम्म्यांना आठ आठवडे पायरीपायरीने वेदनेवर उपचार दिले. बहुतेकांना मिळालं ते साधं पॅरासिटामॉल. त्यांची अस्वस्थता लक्षणीय कमी झाली. म्हणजे ज्याला आपण वेड समजत होतो, ते निदान काही जणांच्या बाबतीत गुडघ्याचं, दाताचं, पाठीचं दुखणं होतं, आणि सांगायला शब्द उरले नव्हते म्हणून ते हातापायांनी सांगितलं जात होतं. अंघोळ घालताना मारणारे आजोबा खांदा वर उचलल्यावरच मारतात की नेहमीच मारतात, एवढं मावशींनी पाहिलं तरी निम्मं निदान झालं.

६. ‘हॉस्पिटलात हलवा’ हा निर्णय कुणाचा?

आता दुसरी बाजू, ठरवण्याची. आजी गंभीर झाल्या. रात्रीचे अकरा. संस्थेचे व्यवस्थापक मुलाला फोन लावतात, तो ह्यूस्टनला किंवा बंगळूरला. ‘काय करायचं?’ मुलगा घाबरतो, अपराधी वाटतं, म्हणतो, ‘जे करता येईल ते सगळं करा.’ आजी आयसीयूत जातात, नाकातून नळी, हात बांधलेले, अनोळखी चेहरे. दहा दिवसांनी जातात किंवा शय्याव्रण घेऊन परततात. कुणाचाही हेतू वाईट नसतो. निर्णय घ्यायची ती वेळच चुकीची असते.

अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरातल्या २२ नर्सिंग होम्समध्ये, स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातल्या ३२३ रहिवाशांवर दीड वर्ष लक्ष ठेवलं गेलं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या काळात निम्म्याहून अधिक वारले. बहुतेकांना खाण्याच्या अडचणी आल्या, सुमारे ४१ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. म्हणजे खाणं सुटणं आणि न्यूमोनिया हे त्या आजाराचे अपघात नव्हते, तो त्याचा नेहमीचा प्रवास होता. आणि ज्यांच्या नातेवाइकांना हा प्रवास समजलेला होता, त्यांच्या वाट्याला शेवटच्या महिन्यांत त्रासदायक उपचार कमी आले. नातेवाइकांचं प्रेम कमी नव्हतं, त्यांना माहिती जास्त होती.

आपल्याकडे कायद्याची वाट मोकळी झालेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘कॉमन कॉज’ खटल्यात आगाऊ वैद्यकीय निर्देशांना, म्हणजे शेवटच्या काळात कोणते उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सोपी केली. २०२४ मध्ये गोव्याने ही प्रक्रिया प्रत्यक्ष अमलात आणली. तरी वृद्धाश्रमाच्या प्रवेशाच्या वेळी जे कागद भरून घेतले जातात, त्यांत संस्थेची जबाबदारी झटकणारं हमीपत्र असतं, रहिवाशाची इच्छा विचारणारा रकाना नसतो. आजी शुद्धीत, बोलत्या असतात तेव्हाच त्यांना विचारता येतं: पुन्हा हॉस्पिटलात जायचं का, नळीने जेवण हवं का, तुमच्या वतीने कोण बोलेल, तुम्हाला कशाची सगळ्यात जास्त भीती वाटते. असं विचारणं अशुभ मानलं जातं, आणि न विचारल्याने त्यांचा शेवट परक्यांच्या हाती जातो.

७. आक्षेप

‘या वयात काय सुधारणार?’ हा आक्षेप मोठ्याने क्वचित बोलला जातो, मनात मात्र सगळ्यांच्या असतो, डॉक्टरांच्यासुद्धा. त्याला उत्तर १९३५ सालीच मिळालं आहे. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे शेजारच्या जुन्या गरीबगृहाच्या इस्पितळातले ७१४ ‘असाध्य’ म्हणून टाकून दिलेले रुग्ण सोपवले गेले. त्यांनी प्रत्येकाला तपासलं, वर्गवारी केली, अंथरुणातून उठवलं, चालायला लावलं. वर्षानुवर्षं पडून असलेली कित्येक माणसं उठून घरी गेली. त्यांचं अर्धं आजारपण पडून राहण्याने आलेलं होतं. वृद्धवैद्यक ही शाखाच यातून उभी राहिली. नीट बसलेली कवळी, मोतीबिंदूचं ऑपरेशन, कानातल्या मळाची सफाई, पायाला येईल अशी चप्पल, यांनी नव्वदीतल्या माणसाचंही आयुष्य पालटतं.

‘वृद्धाश्रमाचं हॉस्पिटल होईल.’ हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. म्हातारपणाला आजार समजून पांढऱ्या कोटांच्या ताब्यात देणं कुणालाच नको आहे. डॉ. अतुल गावंडे यांनी, त्यांचं मूळ आपल्या विदर्भातलं, २०१४ च्या ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकात न्यूयॉर्क राज्यातल्या एका नर्सिंग होमची हकीकत दिली आहे. तिथल्या तरुण डॉक्टरने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कुत्री, मांजरं, पक्षी, झाडं आणि मुलं आत आणली, आणि तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या संस्थेच्या मानाने औषधांचं प्रमाण निम्म्यावर आलं. मी जे मागतो आहे ते याच दिशेचं आहे. औषधांची वजाबाकी, नळ्या कमी, आयसीयूच्या फेऱ्या कमी. पण औषध बंद करायलाही डॉक्टरच लागतो, आणि तो औषध सुरू करणाऱ्यापेक्षा जास्त जाणता लागतो. नेदरलँड्समध्ये नर्सिंग होममधल्या रुग्णांसाठी डॉक्टरांची स्वतंत्र विशेष शाखा तीन दशकांहून जास्त काळ आहे, ती याचसाठी.

‘घरीच ठेवा, म्हणजे प्रश्नच मिटला.’ नाही मिटत. घरातही गोळ्या तेवढ्याच असतात, रात्र तेवढीच लांब असते, आणि मावशींच्या जागी सून किंवा लेक असते, जिला पगारही नाही आणि पाळी संपणंही नाही. अनेकांना मुलं नाहीत, अनेकांची मुलं स्वतः सत्तरीला टेकलेली आहेत. कुणी कुणाला सांभाळायचं यावर आपण वाद घालत असतो, तोवर खुबा मोडलेल्या आजींना वेदनाशामक कुणी द्यायचं, हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

‘पैसा कुठून आणायचा?’ औषधं कमी झाली, दाखल होणं टळलं, की काही खर्च वाचतो. पण मावशींना प्रशिक्षण आणि पोटापुरता पगार द्यायचा तर खर्च वाढणारच, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतखाली वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळालं. चांगलं झालं. पण ते हॉस्पिटलात दाखल झाल्यावर लागू होतं. शय्याव्रण चिघळल्यावर सरकार पैसे देणार, ते होऊ नये म्हणून रात्री कूस बदलणाऱ्या हातांना मात्र काही नाही. विम्याचा हा उलटा हिशेब बदलल्याशिवाय मोठा फरक पडणार नाही.

८. कायद्यातली मोकळी जागा

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम १९ आहे. राज्य सरकारने जिल्ह्याला किमान एक, निदान दीडशे निराधारांना सामावणारा वृद्धाश्रम ‘काढता येईल’ असं ते म्हणतं, काढलाच पाहिजे असं म्हणत नाही. तिथे काय सेवा असाव्यात हे सांगताना वैद्यकीय सेवा आणि करमणुकीची साधनं ही एकाच दमात येतात. दोन्ही गोष्टी राज्यांच्या मर्जीवर. वृद्धसेवा संस्थांची नोंदणी आणि किमान निकष सांगणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही. अमेरिकेत नर्सिंग होममधल्या माणसाला पहिले तीन महिने दर तीस दिवसांनी आणि पुढे दर साठ दिवसांनी डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासणं, आणि फार्मासिस्टने दर महिन्याला त्याची सगळी औषधं पाहणं बंधनकारक आहे. तिथेही गैरप्रकार होतात, पण निदान मोजायला पट्टी आहे.

महाराष्ट्रात १९४९ पासून शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. त्याच्या व्याख्येत आजार आणि इजेबरोबर दुर्बलताही येते: दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा म्हणजे शुश्रूषागृह. अंथरुणाला खिळलेल्या तीस माणसांना नळीने भरवणारं, कॅथेटर बदलणारं केअर सेंटर यात बसत नाही असं म्हणायला मला तरी आधार दिसत नाही. पण वृद्धाश्रम आपण समाजकल्याणाच्या कपाटात ठेवले, रुग्णालयं आरोग्य खात्याच्या, आणि ही केंद्रं दोन्हींच्या मधल्या फटीत वाढली.

निकष आणले तर गावाकडचे, देणग्यांवर चालणारे छोटे आश्रम बंद पडतील, ही भीती खरी आहे. म्हणून इमारतीच्या चौरस फुटांपासून सुरुवात करू नये. पहिल्या वर्षी चारच गोष्टी मागाव्यात: रोजच्या नोंदीचं पान, रात्री जागं असलेलं प्रशिक्षित माणूस, तीन महिन्यांतून एकदा सगळ्या औषधांची डॉक्टरांकडून फेरतपासणी, आणि रहिवाशाची इच्छा नोंदवलेला कागद. यांतल्या दोन गोष्टींना पैसा जवळजवळ लागत नाही. फेरतपासणीला डॉक्टर कुठून आणायचे, तर त्याची सोय कागदावर आहेच. त्याच २००७ च्या कायद्याचं कलम २० प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धोपचाराचा अनुभव असलेल्या अधिकाऱ्याच्या हाताखाली स्वतंत्र सोय सांगतं, आणि २०१० पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयातला दहा खाटांचा वॉर्ड, फिजिओथेरपी आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्यांच्या भेटी आहेत. वृद्धाश्रमातली खाट हे त्या माणसाचं घरच आहे. जिल्हा रुग्णालयातून एक डॉक्टर, एक परिचारिका आणि एक फिजिओथेरपिस्ट जिल्ह्यातल्या प्रत्येक वृद्धाश्रमात ठरलेल्या वारी जावेत, एवढ्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. आरोग्य खात्याचा एक आदेश, एक गाडी आणि त्या तिघांच्या कामाच्या तासांत धरलेला तो दिवस, एवढं पुरतं.